सोशल मीडियावर महिन्याला किती खर्च परवडतो? मराठवाड्यातल्या छोट्या व्यावसायिकांसाठी पायरीपायरीने हिशेब

लातूर असो, नांदेड असो की जालना, मोंढ्यातल्या दुकानदाराकडे आता अधूनमधून कुणी ना कुणी दरपत्रक घेऊन येतंच. महिन्याला बारा पोस्ट, आठ रील, चार स्टोरी आणि खाली एक आकडा. एक जण पाच हजार सांगतो, दुसरा त्याच कामाचे पंचवीस हजार. मग घासाघीस होते, मधल्या कुठल्यातरी आकड्यावर सौदा ठरतो. चार महिन्यांनी वहीत खर्च दिसतो, पण त्यातून गिऱ्हाईक किती आलं हे ना दुकानदाराला सांगता येतं, ना काम करणाऱ्याला.

माझं म्हणणं असं की सुरुवात दरपत्रकापासून करायचीच नाही. आपल्या धंद्याला एक नवं गिऱ्हाईक केवढ्याला परवडतं, तो आकडा आधी काढायचा. तो हातात आला की पाच हजार महाग की पंचवीस हजार स्वस्त, हे तुमचं तुम्हालाच कळतं.

एका गिऱ्हाइकाचा हिशेब

अंबाजोगाईतलं एक साड्यांचं दुकान डोळ्यासमोर ठेवू. खालचे आकडे समजण्यापुरते घेतलेत, त्यांच्या जागी तुमचे घाला.

समजा सरासरी बिल २,४०० रुपये आणि त्यात खरेदीची किंमत वजा जाता २५ टक्के राहतात, म्हणजे ६०० रुपये. नवं गिऱ्हाईक वर्षातून दोनदा येतं असं धरलं, तर पहिल्या वर्षात त्याच्यापासून १,२०० रुपये सुटतात. त्यातूनच भाडं, वीज, पगार भागायचा आहे. म्हणून ते गिऱ्हाईक आणण्यावर यातला एक तृतीयांशच खर्च करायचा, म्हणजे जास्तीत जास्त ४०० रुपये.

आता तुमच्यापुढे एकूण १२,००० रुपये महिन्याचा प्रस्ताव आहे, जाहिरातीचे पैसे धरून. १२,००० भागिले ४००, म्हणजे दर महिन्याला ३० नवी गिऱ्हाइकं हवीत. मोबाइलवर चौकशी करणाऱ्या दहांपैकी तिघं दुकानात येऊन खरेदी करतात असं धरलं, तर महिन्याला १०० चौकशा आल्या पाहिजेत. स्वतःला विचारा, आपल्या गावात, आपल्या मालाला हे होण्यासारखं आहे का? आणि झालंच तर शंभर जणांच्या 'रेट काय?'ला उत्तर कोण देणार?

पाच हजारांच्या खर्चाला याच हिशेबाने तेरा गिऱ्हाइकं लागतात, म्हणजे साधारण पंचेचाळीस चौकशा. छोट्या दुकानाला हे जास्त जवळचं वाटतं. उलट लग्नाचा बस्ता घेणाऱ्या दुकानाचं एकेक बिल तीस-चाळीस हजारांचं असतं. तिथे महिन्याला पाच-सहा नवी घरं आली तरी मोठा खर्च निघतो. म्हणून शेजारच्या दुकानदाराने किती दिले, हे विचारून उपयोग नाही.

ज्यांचं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं टिकतं, म्हणजे दातांचा दवाखाना, किराणा, ब्युटी पार्लर, त्यांनी पहिल्या वर्षापलीकडचा नफाही थोडा धरावा. पण उधारीवर चालणाऱ्या धंद्यात वसूल झालेला पैसाच मोजायचा.

तुम्हाला नक्की काय हवं आहे?

सगळ्यांना इन्स्टाग्राम लागत नाही. परभणीत कूलर आणि फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला लोक रीलमध्ये शोधत नाहीत. फ्रिज बंद पडला की माणूस गूगलवर टाकतो आणि वरच्या दोन-तीन नंबरांना फोन लावतो. अशा व्यावसायिकाने गूगल बिझनेस प्रोफाइल नीट भरावं: नेमका पत्ता, चालू नंबर, वेळ, कामाचे दहा-बारा खरे फोटो. ते फुकट आहे. काम झाल्यावर गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे लिंक पाठवून अभिप्राय मागायचा. वेरूळ रस्त्यावरचं हॉटेल, तुळजापुरातला लॉज, पंक्चरचं दुकान, पॅथॉलॉजी लॅब यांचंही तेच. यांनी महिन्याची फी कुणाला देण्याआधी हे पूर्ण करावं. अनेकांना पुढे काही लागतही नाही.

ज्यांचा माल डोळ्यांनी पाहून घेतला जातो, म्हणजे साडी, दागिने, केक, फर्निचर, मेंदी, त्यांना इन्स्टाग्राम आणि फेसबुक उपयोगी. आणि धंदा कुठलाही असो, व्हॉट्सॲप बिझनेस लागतंच. तेही फुकट आहे. त्यात मालाचा कॅटलॉग लावता येतो, ठरलेली उत्तरं साठवता येतात, 'चौकशी', 'ऑर्डर', 'पैसे बाकी' अशी लेबलं लावता येतात. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या यादीत, ठरावीक जणच घेता येतात, आणि साध्या यादीतला मेसेज ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच पोचतो. म्हणून बिल करतानाच गिऱ्हाइकाला आपला नंबर सेव्ह करायला सांगायची सवय लावा. या सवयीला एक रुपया लागत नाही.

स्वतः करायचं तर तेही फुकट नसतं

'आपलं आपण करू, पैसे वाचतील' हा विचार चांगला आहे, फक्त वेळ मोजायचा. साडीच्या एका रीलचं काम बघा. ट्यूबलाइटखाली जरीचा रंग पांढुरका पडतो, म्हणून साडी दाराजवळच्या उजेडात आणायची. सकाळी दहाच्या सुमाराला, ऊन थेट दुकानात शिरत नसताना. आधी पदर, मग काठ, मग कापड चिमटीत धरून त्याचा पोत. बोलताना कापडाचं नाव, ब्लाऊजपीस सोबत आहे की नाही आणि भाव स्पष्ट सांगायचा. भाव लपवला की चौकशा वाढल्यासारख्या दिसतात, पण त्यातल्या बहुतेक पोकळ निघतात आणि तुमचा वेळ त्यांना उत्तरं देण्यात जातो. चित्रण, कापाकापी, खाली मजकूर असं सगळं धरून सवयीच्या माणसाला तास लागतो.

महिन्याला अशा आठ रील म्हणजे आठ तास. चार फोटो पोस्टचे दोन तास. रोज अर्धा तास उत्तरं देण्याचा, म्हणजे पंधरा. एकूण पंचवीस तास. दुकानातल्या दहा हजार पगाराच्या मुलाने किंवा मुलीने हे केलं, तर २६ दिवस, रोज नऊ तास या हिशेबाने तासाला ४३ रुपये पडतात. म्हणजे महिन्याचे साधारण १,०७५ रुपये. मालक स्वतः करत असेल तर त्याचा तास कितीतरी महाग, कारण तेवढा वेळ तो गल्ल्यावर नसतो.

माझा सल्ला असा की पहिले तीन महिने घरच्या किंवा दुकानच्या माणसाकडूनच करून घ्या. हा हात बसवण्याचा काळ आहे. कुठल्या मालाला लोक विचारतात, संध्याकाळी किती वाजता मेसेज येतात, कुणाला मराठी हवी, कुणाला हिंदी, हे तुम्हाला कळेल. पुढे बाहेरच्या माणसाला काम दिलं तरी त्याला काय सांगायचं ते तुमच्याकडे तयार असेल. पोस्ट आधी तयार करून ठरलेल्या वेळी टाकायला मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी) हिचं बिझनेस सूट आहे आणि चित्रं करायला कॅनव्हाची फुकट आवृत्ती पुरते. रिंग लाइट आणि कॉलरला लावायचा छोटा माइक एवढीच खरेदी आधी करा, कॅमेरा नको.

एक गोष्ट लक्षात ठेवा. इन्स्टाग्रामच्या बिझनेस अकाउंटला चित्रपटातली गाणी सरसकट मिळत नाहीत, आणि जुगाड करून लावली तर आवाज बंद होतो किंवा रील काढली जाते. मेटाचा स्वतःचा मोफत संगीतसाठा आहे, तो वापरा. नाहीतर तुमचा आवाज. आपल्या भागातली बोली ऐकली की आपला माणूस थांबतोच.

दरपत्रक कसं वाचायचं

बाहेरच्या माणसाला काम द्यायचं ठरलं, तर घराचं गुत्तं देताना जे पाहता तेच इथे पाहा: मजुरी वेगळी आणि मटेरियल वेगळं. काम करणाऱ्याची फी ही मजुरी आणि मेटाला किंवा गूगलला जाणारे जाहिरातीचे पैसे हे मटेरियल. दोन्ही मिळून एकच आकडा सांगितला असेल तर सही करू नका. दहा हजारांतले किती खरंच जाहिरातीला लागले, हे मग कधीच कळत नाही.

'बारा पोस्ट' या ओळीवर थांबा. त्यात सणाच्या शुभेच्छा किती? श्रावणापासून दिवाळीपर्यंत पोळा, गणपती, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, नवरात्र, दसरा, असे सण ओळीने येतात. तयार चित्रावर तुमचा लोगो चिकटवून निम्म्या पोस्ट सहज भरतात. शुभेच्छा जरूर द्याव्यात, पण त्या मोजणीत धरायच्या नाहीत, असं लिहून घ्या.

'आठ रील' म्हणजे दुकानात येऊन चित्रित केलेल्या, की तुम्ही पाठवलेल्या फोटोंची फिरती पट्टी? दोन्हींच्या दरात मोठा फरक असायला हवा. महिन्यातून किती वेळा येणार, किती तास थांबणार, हे आकड्यात लिहा. संभाजीनगरची एजन्सी हिंगोलीच्या दुकानाचं काम घेत असेल तर प्रवासखर्च कुणाचा, हेही आधी ठरवा.

'फॉलोअर वाढवून देऊ' ही ओळ सरळ खोडा. विकत आणलेले फॉलोअर ना साडी घेतात ना केक, आणि खरे लोक तुमच्या पोस्टकडे पाहतात की नाही हेही त्या गर्दीत दिसेनासं होतं.

'मासिक रिपोर्ट'मध्ये लाइक आणि रीच (पोस्ट किती जणांना दिसली तो आकडा) नको. तीन आकडे मागा: किती फोन आणि मेसेज आले, प्रत्येक चौकशी केवढ्याला पडली, आणि कुठल्या पोस्टवरून आली.

कमेंट आणि मेसेजना उत्तर कोण देणार, हे दरपत्रकात बहुधा नसतंच. माझ्या मते ते तुमच्याच माणसाने द्यावं. एजन्सीला दुकानातल्या मालाची माहिती नसते, आणि 'काकू, तो रंग संपला, पण असाच राणी कलर आलाय' हे उत्तर बाहेरून देता येत नाही.

आणखी एक. कुणी बिलात १८ टक्के जीएसटी लावला तर बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक पाहा आणि जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तपासा. नोंदणी नसलेल्या माणसाला जीएसटी आकारता येत नाही.

जाहिरातीचे पैसे

मेटाच्या जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी आहे. ५,००० रुपयांच्या जाहिरातीला ९०० रुपये कर धरून ५,९०० बाजूला ठेवा. नियमित जीएसटी भरणाऱ्यांनी जाहिरात खात्यात आपला क्रमांक टाकावा, म्हणजे तो कर इनपुट क्रेडिटमध्ये धरता येतो, म्हणजे तुम्ही भरायच्या करातून वजा होतो. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीची ठोक दराची जीएसटी योजना) असाल तर ते क्रेडिट मिळत नाही, तुमच्यासाठी तो खर्चच आहे.

पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं पोस्टखालचं 'बूस्ट'चं बटण सोपं आहे म्हणून पैसे तिथेच जातात. त्याऐवजी मेटाचं जाहिराती लावायचं साधन, ॲड्स मॅनेजर, उघडा आणि उद्देश निवडताना व्हॉट्सॲपवर मेसेज येईल असा निवडा. लाइकवर पैसे घालवून दुकानाला काही मिळत नाही. आयफोनच्या ॲपमधून बूस्ट करणारच असाल तर पैसे भरण्याआधी शेवटच्या रकमेत जादा सेवाशुल्क लागलंय का ते वाचा. ब्राउझरमधून केलेलं बरं.

जागा निवडताना अख्खा महाराष्ट्र ठेवू नका, तसंच जिल्ह्याच्या हद्दीवरही अडकू नका. नकाशावर दुकानाची खूण लावा आणि त्रिज्या द्या. अंबाजोगाईपासून ३५ किलोमीटरमध्ये परळी येते, घाटनांदूर येतं. उदगीरच्या दुकानात बिदर, भालकीकडचं गिऱ्हाईक येतं. नांदेडला तेलंगणातून लोक येतात. गिऱ्हाईक ज्या रस्त्याने येतं, त्या रस्त्यावरची गावं निवडा. भाषाही तशीच ठरवा. संभाजीनगरच्या काही भागांत हिंदी-उर्दू वळणाची रील मराठीइतकीच चालते.

गावातल्या खाण्यापिण्याच्या पेजवाल्याला पैसे देऊन रील करून घेणार असाल, तर ती पैसे देऊन केलेली जाहिरात आहे हे रीलमध्ये स्पष्ट सांगायला लावा. ग्राहक संरक्षणाच्या नियमांनुसार ते बंधनकारक आहे. आणि दर ठरवण्याआधी त्याच्या कमेंट वाचा. तुमच्या तालुक्यातली माणसं त्यात दिसतात का, एवढंच पाहायचं.

बारा महिने सारखा खर्च करू नका

दरपत्रकं मुंबई-पुण्याच्या घडीवर बेतलेली असतात, दर महिन्याला तेवढाच आकडा. मराठवाड्यात पैसा असा सारखा फिरत नाही. सोयाबीन मोंढ्यात येतं ते दसरा-दिवाळीच्या आसपास, कापूस त्याच सुमाराला वेचणीला लागतो. जूनमध्ये घरातला पैसा बियाणं, खत आणि शाळेच्या फीमध्ये जातो. त्या महिन्यात साडीची जाहिरात कितीही चांगली केली तरी विकत घेणाऱ्याच्या हातात पैसे नसतात. जाहिरातीचा खर्च पेरणीच्या दिवसांत अगदी कमी करा आणि वाचलेली रक्कम दसऱ्यापासून लग्नसराईपर्यंत लावा.

बीड जिल्ह्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड मजुरांची कुटुंबं कारखान्यांकडे जातात आणि धारूर, वडवणी, केज, पाटोद्याकडची कितीतरी गावं ओस पडतात. ती माणसं उन्हाळा लागला की परततात. त्यांच्या घरची लग्नं, खरेदी, घराची कामं तेव्हा निघतात. मधल्या महिन्यांत त्या गावांवर जाहिरात लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं. गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया हा काळ त्यांच्यासाठी राखून ठेवा.

लातूरचं उलट आहे. तिथल्या मेस, होस्टेल, अभ्यासिका यांचा सगळा धंदा दहावीच्या निकालानंतरच्या प्रवेशांवर ठरतो. वर्षाच्या खर्चाचा मोठा हिस्सा एप्रिल ते जुलैमध्ये घालावा. आणि जाहिरात लातूरात नव्हे, तर जिथून मुलं येतात त्या नांदेड, परभणी, बीड, धाराशिवच्या गावांत दाखवावी. ती पाहणारे मुलापेक्षा आई-वडील असतात, म्हणून इथे इन्स्टाग्रामपेक्षा फेसबुक आणि व्हॉट्सॲप पुढे ठेवा.

एजन्सीशी बोलताना हेच मांडा: फी वर्षभर थोडी, हंगामात जास्त काम आणि जास्त मोबदला. समजूतदार माणूस याला तयार होतो.

मोजायचं कसं

एक वही पुरे. गल्ल्याजवळ ठेवा आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा, 'आमचं दुकान कुठून कळलं?' उत्तरापुढे खूण करायची: इन्स्टा, गूगल, ओळखीतून, रस्त्यावरून जाताना. शक्य असेल तर जाहिरातीसाठी वेगळा नंबर घ्या. साधं सिमकार्ड चालतं, आणि त्यावर आलेला प्रत्येक फोन जाहिरातीचाच धरता येतो.

महिनाअखेरीला एकूण खर्चाला मोबाइलवरून आलेल्या नव्या गिऱ्हाइकांनी भागा. खर्चात फी, जाहिरात, कर आणि दुकानच्या माणसाचे तास सगळं धरा. सुरुवातीला काढलेल्या ४०० रुपयांशी ताडून पाहा. पहिल्या महिन्यात आकडा ९०० आला तर घाबरू नका, ओळख व्हायला वेळ लागतो. पण चार महिन्यांत तो खाली यायला हवा, आणि त्या चारांत निदान एक महिना हंगामाचा असायला हवा. तरी उतरला नाही तर फी कमी करून घेण्याच्या मागे लागू नका, काम थांबवा.

किल्ल्या स्वतःकडे ठेवा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते कुठल्याच दरपत्रकात नसतं. पेज कामगाराच्या खासगी अकाउंटवरून उघडलेलं असतं, जाहिरात खातं एजन्सीच्या नावावर असतं, गूगलचं प्रोफाइल कुणा भाच्याच्या ईमेलवर असतं. माणूस काम सोडून गेला की तीन वर्षांचे फोटो, अभिप्राय, ओळख सगळं त्याच्याबरोबर जातं.

म्हणून कुणाला काम देण्याआधी दुकानाच्या नावाने नवा ईमेल उघडा. त्याचा पासवर्ड आणि मोबाइल नंबर मालकाचा. पेज, इन्स्टाग्राम, जाहिरात खातं आणि गूगल प्रोफाइल त्याच ईमेलवर किंवा मालकाच्या स्वतःच्या अकाउंटवर आणा. पूर्ण नियंत्रण तुमच्याकडे ठेवा आणि एजन्सीला मेटा बिझनेस सूटमधून भागीदार म्हणून मर्यादित प्रवेश द्या. पासवर्ड कुणालाच देऊ नका. जाहिरातीचे पैसे तुमच्या कार्डवरून किंवा यूपीआयवरून थेट मेटाला गेले पाहिजेत, म्हणजे पावती तुमच्या नावाने येते आणि आकड्यांत गडबड होत नाही. दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी सोय, चालू करा. 'तुमचं पेज चोवीस तासांत बंद होणार' असा मेसेज आला तर त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नका. असे मेसेज अकाउंट चोरण्यासाठीच पाठवतात.

गिऱ्हाइकाचा फोटो टाकण्याआधी त्याला विचारा, लहान मुलांचा असेल तर आई-वडिलांना. 'टाकू का?' असा व्हॉट्सॲपवर मेसेज आणि त्यावरचं 'हो' एवढं जपून ठेवलं तरी पुढची वादावादी टळते.

करार लांबलचक नको, एक पान पुरे. त्यात फी, जाहिरातीची रक्कम, दुकानात येण्याचे दिवस, काम थांबवण्यासाठी एक महिन्याची सूचना, आणि काम थांबल्यावर काय काय परत मिळणार ते लिहा: मूळ व्हिडिओ, फोटो, डिझाइनच्या फायली आणि चौकशी करणाऱ्यांची यादी. शेवटच्या महिन्याची फी हे सगळं पेन ड्राइव्हवर हातात आल्यावर द्यायची आणि त्याच दिवशी एजन्सीचा प्रवेश काढून टाकायचा.